देवाची इच्छा आणि माणसाचा होकार

‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण ख्रिस्ती माणसे दिवसातून किती वेळा उच्चारतो याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण ते केव्हा उच्चारतो हे थोडे लक्ष दिल्यास सहज ध्यानात येते. ठरलेले लग्न मोडले, नोकरी हुकली, घरातले कर्ते माणूस अकाली गेले, म्हणजे हे शब्द आपल्या ओठांवर येतात. शेजाऱ्याने उसने घेतलेले पैसे ठरल्या दिवशी परत केले, तर ती देवाची इच्छा होती असे मात्र कोणी म्हणत नाही. वास्तविक देवाच्या इच्छेविषयी आपल्याला निश्चितपणे जे थोडेफार ठाऊक आहे, त्यात घेतलेले परत करावे हे नक्कीच येते. जे ठाऊक आहे त्याला आपण देवाची इच्छा म्हणत नाही आणि जे मुळीच उमगत नाही त्याला मात्र ते नाव देऊन मोकळे होतो, हा आपल्या धार्मिक बोलीतला एक चमत्कारिक उलटेपणा आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर हा उलटेपणा फार ठळक दिसतो. दापोली तालुक्यातील हर्णे बंदराचे उदाहरण घेऊ. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा. नौका दूर नांगरायच्या, मासळी होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला आणायची आणि वाळूवरच बोली लावायची, अशी या बंदराची वर्षानुवर्षांची रीत. लिलावाच्या गर्दीत उभे राहिले की टोपल्यांतून कधी कधी तळहाताएवढीही न भरणारी पापलेटे दिसतात, आणि तेथेच एखादा वृद्ध कोळी सांगतो की समुद्रात आता पूर्वीसारखे म्हावरे राहिले नाही, देवाची मर्जी! किनाऱ्यावर कोठेही गेलात तरी हेच वाक्य थोड्याफार फरकाने कानी पडते.

ही मर्जी खरोखर देवाची आहे काय? जून आणि जुलै हे दोन महिने माशांच्या विणीसाठी समुद्र मोकळा सोडावा, असा शासनाचा नियम आहे. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्रात 2016 साली निर्बंध आले. रात्री प्रखर दिव्यांच्या उजेडात मासळी गोळा करून ती उपसून काढण्यास 2017 साली केंद्र सरकारने मनाई केली. 2023 साली पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले, ते त्याच्या गौरवासाठी तितके नव्हे जितके तो नाहीसा होऊ लागला म्हणून. आणि त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांची, ज्याहून लहान मासा पकडू नये, अशी किमान लांबी ठरविण्यात आली. जेथे माशाची लांबी राजपत्रात छापावी लागते, तेथे देवाने हात आखडता घेतला असे म्हणणे हा देवावर निष्कारण आळ आहे. एक गोष्ट मात्र येथेच सांगितली पाहिजे. लहान होडीवर पोट भरणारा तो वृद्ध कोळी ‘देवाची मर्जी’ म्हणतो, तेव्हा ती त्याची पळवाट नसते. ती त्याची हतबलता असते. त्याच्या जाळ्याची आस मोठी असली तरी पुढच्या नौकेच्या जाळ्याची बारीक असते, हे तो जाणतो. पण त्याच्या त्या निरागस उद्गाराच्या आडोशाला ज्यांचा हिशेब खरोखर द्यावयाचा आहे ते सुखाने उभे राहतात. देवाच्या नावाचा असा आडोसा होणे, ही आमच्या मते दुसऱ्या आज्ञेच्या भंगाची सर्वात सभ्य तऱ्हा होय.

वादळाची गोष्ट वेगळी. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला धडकले आणि दापोली, मंडणगडच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. ते वादळ कोणा माणसाने निर्माण केले नव्हते. परंतु ते कोणाच्या तरी पापाची शिक्षा म्हणून आले, असे सांगणारेही लागलीच पुढे आले. शिलोहचा बुरूज कोसळून माणसे मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच उपस्थित केला आणि त्याला स्वच्छ नकार दिला, याचे त्यांना विस्मरण झाले असावे. ख्रिस्तसभेच्या शास्त्रीपंडितांनी फार पूर्वीपासून एक भेद केला आहे: देव जे इच्छितो ते एक आणि ज्याला तो मुभा देतो ते दुसरे. हा भेद कोरडा वाटतो. परंतु ज्या घरात मृत्यू झाला आहे तेथे सांत्वनाला जाणाऱ्याने तो विसरू नये. मूल दगावलेल्या आईला ‘देवाला हवे होते म्हणून नेले’ असे सांगणारा माणूस तिच्यासमोर जो देव उभा करतो, त्याच्यावर तिने प्रेम कसे करावे?

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की वारा कोणाच्या हातात नसतो, पण नौका आंजर्ल्याच्या खाडीत न्यायची की आणखी एक फेरी मारायची हे तांडेलाच्या हातात असते. आणि हाताखाली जे खलाशी असतात, त्यांच्या जिवाचा भार त्या एका निर्णयावर असतो. येथे ‘देव पाहून घेईल’ हे वाक्य श्रद्धेचे की बेफिकिरीचे, हे वाक्यावरून ठरत नाही. ते बोलणाऱ्याने आधी आकाशाकडे पाहिले की नाही यावरून ठरते.

हे झाले घडून गेल्यानंतरचे. घडण्यापूर्वीही आपण देवाची इच्छा शोधत असतो आणि तेथील अडचण निराळी आहे. ‘फादर, देवाची माझ्यासाठी काय योजना आहे ते कळत नाही’ असे म्हणत येणारी माणसे प्रत्येक धर्मगुरूला भेटतात. बहुतेकांची अशी समजूत असते की आपल्या नावाचा एक सीलबंद लिफाफा स्वर्गात कोठेतरी ठेवलेला आहे. तो उघडून वाचला की काम झाले आणि न वाचता पाऊल टाकले की जन्म फुकट गेला. मग कोणी डोळे मिटून बायबलचे पान उघडतो, कोणी वेदीसमोर दोन चिठ्ठ्या ठेवून एक उचलतो. कोकणातील आपले हिंदू बांधव ग्रामदेवतेला कौल लावतात, त्याला हसणारे आपण त्याहून फार वेगळे काही करीत असतो असे नाही.

या संदर्भात जुन्या करारातील योनाचे लहानसे पुस्तक समुद्रकाठच्या माणसाने तरी पुन्हा वाचावे. निनवेला जा म्हटल्यावर योना याफोच्या बंदरात येतो आणि नेमक्या उलट दिशेच्या गलबताचे भाडे भरतो. वादळ उठते, खलाशी चिठ्ठ्या टाकतात, चिठ्ठी योनावरच निघते आणि तो स्वतःच सांगतो की मला समुद्रात टाका. म्हणजे कौल मिळाला, आरोपीची कबुलीही मिळाली. तरी ते परधर्मी खलाशी काय करतात? ते वल्ही अधिक जोराने मारून गलबत किनाऱ्याला लावण्याची शिकस्त करतात. माणूस बुडविणे त्यांच्या जिवावर येते. चिठ्ठीपेक्षा त्यांच्या अंतःकरणातील ती नाखुशी आम्हाला देवाच्या अधिक जवळची वाटते. आणि एक गंमत पाहा: त्या पुस्तकात वारा देवाचे ऐकतो, मासा ऐकतो, भोपळीचा वेल ऐकतो, त्याला कुरतडणारा किडाही ऐकतो. न ऐकणारा एकच, तो म्हणजे संदेष्टा. आणि वाऱ्याला नुसती आज्ञा करणारा देव या माणसाशी मात्र वाद घालीत बसतो. पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नावर, आणि योनाचे उत्तर लिहिलेलेच नाही. दरम्यान निनवेचा चाळीस दिवसांनी नाश होईल अशी जी घोषणा झाली होती, तीसुद्धा लोकांनी आपले वर्तन बदलताच मागे घेतली गेली.

देवाची कृपा आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा मेळ नेमका कसा बसतो, यावर ख्रिस्तसभेत घनघोर वाद झाले आहेत. येशूसंघीय मोलिना यांचा ग्रंथ 1588 साली निघाला आणि डोमिनिकन पंडितांशी असे काही रण माजले की रोममध्ये 1597 पासून 1607 पर्यंत त्यावर सुनावण्या चालल्या. शेवटी पोप पाचवे पॉल यांनी कोणालाच विजयी न ठरविता दोन्ही पक्षांनी परस्परांना पाखंडी म्हणू नये असे बजावून सर्वांना घरी पाठविले. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्हा विद्यार्थ्यांना तो निकाल फारच फुसका वाटे; उत्तर हवे होते, मिळाली ती ताकीद. आता मात्र त्या पोपमहाशयांविषयी आदर वाटतो. संत थॉमस यांनी त्याआधी तीन शतके सांगून ठेवले होते ते पुरेसे आहे: देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे चालवतो, दगडाला दगडाप्रमाणे आणि स्वतंत्र माणसाला स्वातंत्र्य देऊनच. देवाचा हात आणि माणसाचा हात हे एकाच दोरीच्या दोन टोकांना नसतात की एकाने ओढले तर दुसऱ्याची सरशी कमी व्हावी. म्हणूनच नासरेथच्या त्या घरी देवदूतालाही उत्तरासाठी थांबावे लागले. मरियेने प्रथम प्रश्न विचारला, होकार नंतर दिला, हेही विसरू नये.

हर्णेचा ख्रिस्ती इतिहासाशी एक जुना संबंध आहे. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी 1823 पासून बाणकोट आणि हर्णे ही आपली ठाणी केली होती, आणि पुढे मुंबईत ज्यांनी नाव कमावले ते डॉ. जॉन विल्सन 1829 साली या देशी आल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णेलाच राहिले. परंतु काही वर्षांतच त्या मिशनचे काम मुंबई-पुण्याकडे हलले. किनाऱ्यावर आखलेला बेत तडीस गेला नाही. पुढे याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावी, 1861 साली नारायण वामन टिळक जन्मले. पण त्यांच्या हाती नवा करार पडला तो येथे नव्हे, तर दूर, 1893 साली नागपूरकडून राजनांदगावी जाताना आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी युरोपीय प्रवाशाकडून. ख्रिस्ती धर्माचा अभ्यास कराल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे त्या गृहस्थाने सांगितले म्हणतात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते. तरी ही हकीकत आपल्याकडेही चवीने सांगितली जाते आणि ती सांगताना भर असतो भविष्य खरे ठरण्यावर. आमचे लक्ष त्यातील ‘तर’ या शब्दाकडे जाते. अभ्यास कराल तर. पुस्तक हातात देणे त्या प्रवाशाचे काम होते. ते वाचणे, गिरिप्रवचनापाशी अडखळणे, आप्तेष्टांचा रोष डोळ्यांसमोर असूनही मागे न फिरणे हे कोणी त्यांच्यासाठी करणार नव्हते. पुस्तक बासनात बांधून ठेवण्याची त्यांना पूर्ण मुभा होती.

पण खरा अवघड प्रश्न टिळकांचा नाही, लक्ष्मीबाईंचा आहे. पतीला देवाचे पाचारण ऐकू आले. पत्नीला काहीच ऐकू आले नव्हते. तिच्या वाट्याला आला तो विरह, लोकनिंदा, पदरी लहान मूल आणि नातलगांचा आश्रय. ही सारी वर्षे देवाच्या योजनेचाच भाग होती, असे आज शंभर वर्षांनंतर आपण सहज म्हणून जातो. आम्हाला तसे म्हणवत नाही. टिळकांना आपल्या सदसद्‌विवेकबुद्धीप्रमाणे चालणे प्राप्तच होते. परंतु त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जात आहे हे ज्याला दिसते, त्याने देवाचे नाव फार जपून घ्यावे. संसार सोडून प्रार्थनासभांच्या मागे धावणारे, आणि घरच्यांनी विचारले की ‘प्रभूचे पाचारण’ असे उत्तर देणारे लोक आपल्याकडेही आहेत.

लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळेओवळे घेऊनच त्या त्या घरात राहू लागल्या आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेदाचा गुंता त्यांनी आपल्याच मनाशी झगडून सोडविला, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन. धर्मस्वातंत्र्यावरील आपला जाहीरनामा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली काढला; त्या घराने ती गोष्ट पासष्ट वर्षे आधीच पाळली होती.

आमच्याकडे अलीकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत अशी एक व्यथा वारंवार असते: घरी अंथरुणाला खिळलेली आई किंवा सासू, आणि मुंबईला किंवा आखातात नोकरीची संधी. यातले देवाला कोणते हवे? अशा वेळी संत इग्नेशियस यांनी दाखविलेल्या दोन वाटा आम्ही पुढे ठेवतो. हाच प्रश्न घेऊन एखादा परका माणूस तुमच्याकडे आला असता, तर त्याला तुम्ही काय सांगितले असते? आणि मरणाच्या घटकेला मागे वळून पाहताना आपण काय निवडले असते तर बरे वाटेल? बरीच माणसे नाराज होतात. त्यांना फादरांच्या तोंडून हुकूम हवा असतो, म्हणजे पुढे बिनसले तर फादर आणि देव दोघांनाही जबाबदार धरता येते. काही वेळा दोन्ही वाटा चांगल्या असतात, आणि देव त्यांपैकी एकीवर दबा धरून बसलेला नसतो. जी निवडाल तीवर तो सोबत येतो; मात्र निवडलेल्या वाटेने पैसे वेळेवर घरी पाठविणे, सासूचे अंथरूण रोज बदलणे यांतून सुटका नाही. तेथे त्याची इच्छा अगदी उघड असते.

टिळक 1919 साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोड्याच अध्यायांपर्यंत आले होते. ते पूर्ण करण्यास लक्ष्मीबाईंना कोणी सांगितले नव्हते. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. बहुतेक सारे अध्याय त्यांनी लिहिले, त्या 1936 साली गेल्यावर अखेरचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरा केला, आणि 1938 साली तो ग्रंथ छापून निघाला.