सारथ्याचा आनंद

वेगाचा आनंद धर्माला धरून आहे का, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात आता फक्त कीर्तनापुरता राहिलेला नाही. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांच्या शिवारातून ताशी 150 किलोमीटरच्या हिशेबाने आखलेला रस्ता धावू लागला. मोटारींना परवानगी ताशी 120 ची. याच जिल्ह्यातल्या शेगावहून दरवर्षी गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला निघते आणि तिथे पोचायला तिला महिनाभर लागतो. या दोन चालींमुळे आपल्याकडे दोन टोकाची मतं तयार आहेत. एकाच्या लेखी वेग म्हणजे निव्वळ मोह, जोरदार गाडीची हौस म्हणजे पैशाचा माज. दुसऱ्याच्या लेखी वेग म्हणजेच प्रगती, आणि मागे राहणाऱ्यांनी बाजूला व्हावं. मला दोन्ही मतं आळशी वाटतात, कारण आनंद नेमका कशाचा आहे हे दोघंही विचारत नाहीत. गाडीची हौस ही मुळात सारथ्याची हौस असते. ती धर्माच्या आड येत नाही. सारथ्य सुटून नुसत्या वेगाची चटक लागते, तिथे मात्र हौस फसते, आणि हा फरक रोजच्या रस्त्यावरच कळतो.

कठोपनिषदातलं रथाचं रूपक पुष्कळांना माहीत आहे. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी ही सारथी आणि आत्मा हा आत बसलेला रथी. प्रवचनांत या रूपकाचा शेवट बहुधा घोड्यांच्या निंदेत होतो. उपनिषदात तसं नाही. घोडे सोडून द्या किंवा मरतुकडे घोडे जुंपा असं यम नचिकेताला सांगत नाही. सारथी जागा असेल तर चांगले घोडे मुक्कामाला नेतात, नसेल तर तेच रथ खड्ड्यात घालतात, एवढंच त्याचं म्हणणं. गीतेच्या सातव्या अध्यायातही धर्माशी विरोध नसलेल्या इच्छेला कृष्ण स्वतःचं रूप म्हणतो. तेव्हा चांगल्या इंजिनाचा आवाज आवडणं, नेमक्या फेऱ्यांवर गिअर पडल्याचं समाधान वाटणं, वळणाआधी ब्रेक सोडून स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळणं, यात लाजण्यासारखं काही नाही. सुताराला रंध्याचा जो आनंद मिळतो त्याच जातीचा हा आहे. आणि तो हॉर्सपॉवरच्या प्रमाणात वाढत नाही, याला आपल्याच रस्त्यांवरचा पुरावा आहे. 2001 साली आलेल्या फियाट पॅलिओच्या 1.6 इंजिनाची ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास होती, फोक्सवॅगन पोलोच्या 1.2 टीएसआयची 105. आजच्या मापाने हे आकडे साधे आहेत, तरी जाणकार अजून त्या गाड्यांची नावं घेतात, कारण त्या चालवणाऱ्याशी बोलायच्या. उलट महिंद्राच्या चाकणला तयार होणाऱ्या बीई 6 सारख्या विजेच्या गाडीत 286 हॉर्सपॉवरपर्यंत ताकद मिळते आणि कंपनीच्या दाव्यानुसार ती सात सेकंदांच्या आत शंभराचा वेग गाठते. यंत्र म्हणून हे अफाट आहे. पण त्या सात सेकंदांत चालकाने केलं काय? उजवा पाय दाबला. जे कुणाच्याही पायाने होतं, त्याला त्या माणसाचं कौशल्य म्हणता येत नाही.

शक्ती आणि कौशल्य यांची गल्लत निरुपद्रवी असती तर सोडून देता आली असती. पण वेगाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी 60 ने जाणारी गाडी सुमारे 45 मीटरमध्ये थांबते, 120 ने जाणारी सुमारे 130 मीटर घेते. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. वर्गाचा हा हिशेब कुठवर जातो ते लोणारला दिसतं. बेसॉल्टच्या कातळातलं सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते विवर त्या मानाने फार लहान अशनीने केलेलं आहे. वस्तुमानापेक्षा वेगाने तिथला खडक वितळला. मोटारीची ऊर्जा अर्थात तिच्या पासंगालाही पुरत नाही, पण नियम तोच आहे आणि तो चालकाचा हेतू विचारत नाही. समृद्धीसारखा सरळ, एकसुरी रस्ता हाताकडून जवळजवळ काही मागत नाही आणि लक्षाकडून सगळं मागतो. डोळे उघडे राहतात, मन पेंगतं. 1 जुलै 2023 च्या पहाटेआधी सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्यापाशी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि 25 माणसं गेली. त्या अपघाताच्या कारणाचा निवाडा इथे करायचा नाही. पण त्या मृत्यूंनंतर या रस्त्यावरच्या चालकाला आपण किती जागे आहोत हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणूनच मोकळ्या महामार्गावर काटा किती वर गेला हे सांगण्यात मला पराक्रम दिसत नाही. सारथ्याचं काम तिथे सर्वांत कमी आणि धोका सर्वांत जास्त.

खरं सारथ्य जिल्ह्याच्या इतर रस्त्यांवर लागतं. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट घ्या, किंवा खामगावहून ज्ञानगंगा अभयारण्यातून येणारा बोथ्याचा रस्ता. तिथे पुढच्या वळणावर अस्वल असू शकतं, एसटी असू शकते, कापसाने फुगलेली ट्रॉली असू शकते. खाली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून डांबर लाटांसारखं होतं. हंगामात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं, आणि रंग नसलेला गतिरोधक गावाची वेस सुरू झाल्याचं सांगतो. अशा रस्त्यावर कडक स्प्रिंग, पातळ टायर आणि जमिनीला टेकलेलं पोट असलेली महागडी स्पोर्ट्स गाडी हीच अडचण ठरते. माझ्या मते इथे गाडीचा कस ताशी 60 ते 100 मधल्या ओढीवर, ब्रेकच्या भरवशावर, हेडलाइटच्या पल्ल्यावर आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला किती हिसके बसले यावर लागतो. चाळिशीच्या वेगातही इथे प्रत्येक क्षणी काहीतरी ठरवावं लागतं. ट्रॉलीमागे थांबायचं की नाही, समोरच्या दुचाकीवर मूल आहे का, गुरं वळतील की सरळ जातील. इतके निर्णय समृद्धीवर तासभरातही घ्यावे लागत नाहीत.

यावर जाणकाराचा पहिला आक्षेप असा की जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता, कारण दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक लवकर आटपतो. आक्षेप खरा आहे. समोरून ट्रक येत असताना उजव्या बाजूला काढलेला प्रत्येक सेकंद महाग असतो, आणि भरलेल्या कमजोर गाडीने तो धोका पत्करणं मीही योग्य मानत नाही. पण त्यासाठी मधल्या वेगातली ओढ पुरते, आणि ती आता दहा-बारा लाखांच्या टर्बो गाडीतही मिळते. त्यापुढची ताकद सुरक्षिततेच्या नावावर मांडली जाते तेव्हा हिशेब प्रामाणिक राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अतिवेगात मन एकाग्र होतं, अहं गळतो, म्हणून तोही एक ध्यानाचाच प्रकार. असा अनुभव येतो हे मी नाकारत नाही. पण ध्यान करणारा स्वतःचाच जीव पणाला लावू शकतो. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोराने त्या साधनेला संमती दिलेली नसते. कोइम्बतूरचा करी ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट यासाठीच आहे. तिथे धोका ठाऊक असणारेच उतरतात आणि तिथे मला दोनशेच्या वेगातही अधर्म दिसत नाही.

तिसरा आक्षेप विरक्तांचा. पायी चालण्यात जे पुण्य आहे ते चाकांवर कसं येईल? वारीचं महत्त्व माझ्या लेखी कमी नाही. पण संग्रामपूरच्या टोकाच्या गावातल्या बाळंतिणीला रात्री रुग्णालय गाठायचं असतं, आणि त्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं सावधपण हीच तिची सेवा असते. दसऱ्याला आपण शस्त्रं, अवजारं आणि गाडी यांना एकाच झेंडूचे हार घालतो. म्हणजे गाडी ही भोगाची वस्तू नसून जबाबदारीने धरायचं साधन आहे हे आपल्या रीतीने कधीच मान्य केलं आहे. मग 286 हॉर्सपॉवरची गाडी घ्यावी की नाही? घ्यावी, परवडत असेल आणि ती चिखली-मेहकर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे ताशी तीसनेही चालवायला आवडत असेल तर. तिथे ज्याची चिडचिड होते त्याने साधीच गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून आधी चांगले टायर बसवावेत.