निवलेला दोष

धावती गाडी अकस्मात बंद पडावी, अर्ध्या घटकेने निमूट सुरू व्हावी आणि मिस्त्र्यापुढे नेताच निर्दोष चालावी, हा अनुभव जुन्या वाहनांच्या धन्यांस नवा नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या १९८०च्या दशकातील कित्येक पिकअप गाड्यांत ठिणगीचे नियमन करणारा इलेक्ट्रॉनिक भाग डिस्ट्रिब्युटरच्याच अंगाला जडविलेला असे. इंजिनाच्या उष्णतेने तो तापला की कधी कधी ठिणगी थांबे. निवला की पुन्हा इमानाने काम करी. थंडपणी त्याची कितीही परीक्षा घ्या, तो उत्तीर्णच!

मग अनुमानाने आज पेट्रोलचा पंप बदलावा, उद्या कॉइल. एखादे दिवशी गाडी चालूही लागते. अशा कारागिराने अपराध केला असे म्हणावे काय? आम्ही म्हणू. दोष गेला की केवळ निवला, हे त्यालाच ठाऊक नाही. आणि इंजिन थांबताच स्टिअरिंग व ब्रेक जड होतात, ते नेमके घाटाच्या उतारावर झाले तर?

नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक येथे उपयोगी पडतो. गाडी तापेपर्यंत चालवावी, बंद पडताक्षणीच ठिणगी पाहावी. ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तरी पेट्रोल येईनासे होते. यात अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी मागितली तर आम्ही घासाघीस करतो. नव्या पंपाचे पैसे मात्र मुकाट्याने मोजतो.