पणजोबांचे मुद्दल

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचे गेल्या वर्षी ठरले आणि आमच्या शाखेची पाने तपासण्याचे काम माझ्याकडे आले. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, असा नातेवाइकांचा समज असतो. कुलवृत्तांत ही मोठी सोज्ज्वळ वस्तू आहे. त्यातले सारे पूर्वज परोपकारी, मितभाषी आणि देवभोळे. कोणी कर्ज बुडवलेले नसते, कोणी बायकोवर हात उगारलेला नसतो. दुष्ट माणसे असतात, पण ती नेहमी शेजारच्या घराण्यात जन्माला येतात.

माझ्या पणजोबांना त्यात अर्धे पान मिळाले होते. ‘करारी व व्यवहारचतुर. सावकारीत नाव मिळवले. मारुतीच्या देवळाचा सभामंडप स्वखर्चाने बांधला.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र एकच ओळ होती: ‘घर सोडून गेले.’ हे धाकटे आजोबा तमाशाच्या फडाबरोबर ढोलकी वाजवीत गेले आणि फडातल्याच एका बाईबरोबर त्यांनी जन्म काढला. घराण्याची अब्रू घालवली ती यांनी, असे मी लहानपणापासून ऐकत आलो.

पणजोबांच्या गोष्टी मात्र आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत हसत हसत सांगत. देण्याची पायली वेगळी आणि घेण्याची वेगळी, ही एक. पण रंगायची ती जमिनीची गोष्ट. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, कर्जखते जाळली. मग १८७९ साली सरकारने कायदा करून खताच्या मागे खरा व्यवहार काय होता हे पाहण्याचा अधिकार कोर्टाला दिला. सावकारांनी त्यावर तोड काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायचे, आणि पैसे फिटले की जमीन परत, हा करार तोंडी ठेवायचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात पणजोबांनी एका कुणब्याकडून असेच खत करून घेतले. दोन वर्षांनी तो पैसे घेऊन दारात आला, तेव्हा पणजोबा म्हणाले, “शब्द दिला होता खरा, पण त्या शब्दावर स्टांप कुठे होता?” या वाक्याला पंगत हमखास हसे. मीही हसलो आहे.

गेल्या हिवाळ्यात सभामंडपावरचे साल पडताळायला मी गावी गेलो. देवळापाशी माझ्याच वयाचे एक गृहस्थ भेटले. कोण, कुठले, अशी चौकशी झाली; चहा झाला. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तीच गोष्ट, तोच दुष्काळ, शेवटी तेच स्टांपाचे वाक्य, अक्षराचाही फरक नाही. त्यांच्या सांगण्यात राग नव्हता. फक्त त्या वाक्याला ते थांबले, आणि हसले नाहीत. ती चार एकर जमीन गेल्यावर त्यांचे पणजोबा मुंबईला गिरणीत गेले. पुढच्या पिढ्याही गिरणीतच गेल्या. १९८२ च्या संपानंतर हे गृहस्थ गावी परतले, ते परतायला जमीन नसलेल्या गावी.

तेव्हा माझ्या लक्षात आले की पूर्वजांची लबाडी आपल्याला चविष्ट लागते, ती तिला शंभर वर्षे झाली म्हणून नव्हे. जिच्यावर ती गुदरली ती माणसे आपल्या पंगतीला नसतात, म्हणून. १७८८ ते १८६८ या काळात इंग्रजांनी सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन टाकले. त्यांचे वंशज दीर्घकाळ तो डाग लपवीत. आता वंशावळीत कैदी सापडला तर अनेकांना अभिमान वाटतो. पुष्कळांचा गुन्हा किरकोळ चोरीचा होता, तेव्हा तो अभिमान मी समजू शकतो. पण चोरलेल्या वस्तूपेक्षा ज्या जमिनीवर ते नेऊन वसवले गेले तिच्या मूळ रहिवाशांचा प्रश्न फार मोठा आहे, आणि तो अभिमानाच्या गोष्टींत सहसा येत नाही.

आपणही हेच करतो. १७५८ साली ज्यांच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, ते राघोबादादा आपले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यात ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, तेही राघोबादादाच. पण तिथे ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका पुढे येते आणि दोष आनंदीबाईंच्या पदरात पडतो. आमच्या घरीही पणजोबांच्या हावेला कारण सांगत ते पणजीच्या सोन्याच्या हौसेचे. तिच्या अंगावर सोने पाहिल्याचे मात्र कोणी सांगत नसे.

मग माझ्याकडे काय येते? पाप वारशाने येत नाही, हे मला मान्य आहे. जे मी केले नाही त्याबद्दल मी अपराधी कसा? पण मग सभामंडपाचा अभिमानही मला धरता येणार नाही. पुण्य तेवढे वडिलोपार्जित आणि पाप ज्याचे त्याचे स्वकष्टार्जित, अशी वाटणी कुठल्याच कोर्टात टिकायची नाही.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने ऋणाचा विचार बारकाईने केला होता. बापाचे कर्ज मुलाने सव्याज फेडावे, नातवाने नुसते मुद्दल, आणि पणतूच्या हाती इस्टेट आली नसेल तर त्याने काहीच देऊ नये. १८६६ साली मुंबई इलाख्यात कायद्याने वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर नव्या कर्जापुरते ते धार्मिक बंधनही उरले नाही. मी पणतू. कायद्याने मी केव्हाच सुटलो. शिवाय ती जमीन आमच्याकडेही राहिली नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी ती त्या वेळच्या कुळाची झाली.

पण ‘हाती इस्टेट आली नसेल तर’ या शब्दांपाशी मी अडतो. त्या जमिनीच्या उत्पन्नावर माझे आजोबा पुण्यात शिकले. ते शिकले म्हणून वडील शिकले, आणि वडील शिकले म्हणून आज मी हा निबंध लिहितो आहे. इस्टेट आली, फक्त ती सातबाऱ्यावर दिसत नाही. तिची परतफेड कशी करायची हे मला खरोखर कळत नाही. पैसे पुढे केले तर त्या गृहस्थांचा अपमानच होईल. निदान हिशेब तरी खरा लिहावा, एवढेच मला सुचले.

मी पणजोबांच्या अर्ध्या पानात दोन वाक्ये घातली. सभामंडप राहू दिला. धाकट्या आजोबांच्या ओळीत फडाचे नाव, ढोलकी आणि त्या बाईंचे नाव घातले. त्यांनी कोणाचे काही घेतले नव्हते. चुलतभावांनी तक्रार केली: मुलांच्या सोयरिकी व्हायच्या आहेत, लोक काय म्हणतील! मी म्हटले, लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. न लिहिणारे आपणच आहोत. बरीच वादावादी झाली. शेवटी, छापा, पण तुमच्या जबाबदारीवर, असे ठरले.

छापण्यापूर्वी तो मजकूर मी त्या गृहस्थांना पाठवला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मजकुराबद्दल बरेवाईट ते काहीच बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “त्या दिवशी मी चार एकर म्हटलो, ते बोलण्याच्या भरात. चार एकर अकरा गुंठे होती. लिहिताय तर बरोबर लिहा.”

अकरा गुंठे मी घातले.