जुळणारे अंक

वस्तूचे मूल्य तिच्या प्रयोजनातून उपजते, असे सामान्यतः मानले जाते. संग्राहकाच्या कपाटात मात्र प्रयोजन गळून पडते आणि मूल्य उरते. किंबहुना ते वाढते. ती वस्तू माणसे मारण्यासाठी घडवलेले पिस्तूल असेल, तर या वाढीव मूल्याचा उगम कशात आहे, हा प्रश्न केवळ बाजाराचा राहत नाही.

जर्मनीचे लुगर हे अर्धस्वयंचलित पिस्तूल या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ह्यूगो बोर्शार्ट याने १८९३ साली रचलेल्या अवजड पिस्तुलाला गेओर्ग लुगर याने सुटसुटीत रूप दिले. १९०० मध्ये स्विस सैन्याने ते स्वीकारले, १९०८ मध्ये जर्मन भूदलाने. गोळी सुटताच नळी किंचित मागे सरकते, वरचा सांधा दुमडलेल्या गुडघ्यासारखा उचलला जातो आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. ही रचना जितकी देखणी तितकीच लहरी. काडतुसाचा जोर कमी पडला की सांधा पुरता उघडत नाही. चिखल शिरला की यंत्र अडते. शिवाय भाग इतक्या बारकाईने बसवावे लागत, की एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला चालेलच याचा भरवसा नसे. म्हणून कारखाना लहानसहान भागांवरही त्या पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकीत असे.

कारागिराच्या सोयीचे हे अंकच आज संग्राहकाचे प्रमाण झाले आहेत. सर्व अंक जुळले तर किंमत चढते. एखादा भाग बदललेला निघाला तर ती कोसळते. नवी झिलई चढवणे हा तर अपराधच. झाडलेल्या गोळीसरशी एखादा भाग मोडेल या भयाने उत्तम पिस्तुले कधी चालवलीच जात नाहीत.

संग्राहकाची बाजू पोकळ नाही. पोलाद दोषी नसते. वस्तू वितळवल्याने गेलेले प्राण परत येत नाहीत. आणि शिक्क्यांच्या अभ्यासातून इतिहासाचे काही दुवे खरोखरच हाती लागतात. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि एक शिक्षिका मारली गेल्यानंतर, १९९७ मध्ये बहुतेक पिस्तुलांवर बंदी आली. तरीही ऐतिहासिक महत्त्वाच्या शस्त्रांसाठी कायद्याने काही अटींवर सवलत ठेवली. जतन करण्याजोगे काही त्यांत आहे, हे शोकाच्या त्या काळातही मान्य झाले.

तथापि प्रेम केवळ कारागिरीवर असेल, तर नळी कायमची बुजवलेल्या पिस्तुलाची किंमत का उतरते? आकार तोच, अंक तेच. गेलेली असते ती फक्त मारण्याची क्षमता. जी क्षमता कधी वापरायची नाही, तिचेच मोल मोजले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी अशी पिस्तुले अधिकृत परवानगीपत्रासह घरी नेली. ते पत्र सोबत असले की भाव वाढतो. पत्रावर नेणाऱ्याचे नाव असते; ज्याच्या हातून ते घेतले, त्याचे सहसा नसते. म्हणजे ज्या हिंसेशी संबंध नसल्याचे संग्राहक सांगतो, तिचीच सावली किमतीत भर घालते.

यावरून संग्रह निषिद्ध ठरत नाही, अपुरा ठरतो. मूळपणाचा आग्रह खरा असेल, तर पिस्तुलाच्या मूळपणात त्याचे प्रयोजनही मोडते. भागांचे अंक परस्परांशी जुळतात. त्या नळीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांची मोजदाद मात्र कोणत्याच भागावर नाही. ती जाणीव बाळगून जो ते शस्त्र जपतो, तो साक्ष जपतो. ती टाळणारा केवळ अलंकार जपतो. या पिस्तुलात काडतूस भरलेले असले की वरची एक लहानशी पट्टी उचलली जाते आणि तिच्यावर कोरलेला ‘गेलाडेन’, म्हणजे ‘भरलेले’, हा शब्द दिसू लागतो. स्वतः काय आहे, हे ते शस्त्र लपवत नाही. ते जपणाऱ्यानेही ते लपवू नये.