विहीर कोणाची आणि पाणी कोणाचे?



आसेगावसारख्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यात नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा विहारात होत नाही. ती चैत्र-वैशाखात पाणवठ्यावर होते. विहारात त्रिशरण-पंचशील म्हणताना आपल्याला कोणी अडवीत नाही. परंतु घागर घेऊन दुसऱ्याच्या विहिरीशी गेलो की आपण टाकून दिलेली जात गाव आपल्याला पुन्हा आठवून देते. म्हणून आज एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवीत आहे. ज्याच्या शेतात विहीर आहे, त्याला तहानलेल्या माणसास 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे काय?

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. २०१६ सालच्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर येथे, एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले. तो मजूर भांडत बसला नाही. त्याने अवजारे आणली आणि स्वतः विहीर खोदावयास लागला. मजुरी सांभाळून तो एकटाच खोदत राहिला. लोकांनी त्याला वेड्यात काढले. ४० दिवसांत पाणी लागले आणि ते त्याने वस्तीतल्या सर्वांना खुले केले. पाणी नाकारणाऱ्याचे नाव मात्र त्याने वर्तमानपत्रांना सांगितले नाही. गावात रक्तपात होऊ नये, ही त्याची इच्छा होती.

त्याचे देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु कौतुक करणाऱ्यांनी त्याचे कष्ट पाहिले. आपण बौद्धांनी त्यापुढचे पाहिले पाहिजे. त्याची नवी विहीर झाली, पण पाणी नाकारणारी विहीर होती तशीच राहिली. तहान भागली; अपमान धुऊन निघाला काय?

हा भेद परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला महाडला शिकविला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्याकडे पाऊल टाकण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. केवळ घसा ओला करण्यासाठी ते तेथे गेले नव्हते. आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी गेले होते. वेगळे पाणी मिळाल्याने हा प्रश्न सुटला नसता, कारण वेगळे पाणी म्हणजे वेगळेपणाच होय.

पुढे काय घडले ते ध्यानात घ्या. सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याची 'शुद्धी' केली आणि नंतर कोर्टात धाव घेतली. तेथे त्यांनी रूढीचा आधार तर घेतलाच, शिवाय तळे खासगी मालकीचे आहे असाही दावा केला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला आणि अस्पृश्य समाजाचा विजय झाला. धर्माचे कुंपण डळमळू लागले की मालकीचे कुंपण पुढे येते, हा त्यातला धडा आहे.

आजही तेच ऐकू येते. संविधानाच्या कलम १५ ने शासनाच्या खर्चाच्या अथवा सर्व जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, घाट यांवर जातीमुळे मज्जाव करण्यास बंदी केली आहे. मग शेतमालक म्हणतो, "ही सरकारी विहीर नव्हे. माझे शेत, माझी विहीर, माझी मर्जी." १८८२ सालच्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क मानला, तो त्याच्या बाजूने उभा असतो. पण कायद्याने मानलेले सर्व न्यायाचे असतेच असे नाही.

आपण शांतपणे विचार करू. आपल्या भागात जमिनीखाली काळा कातळ आहे. पावसाचे पाणी मुरते आणि त्या खडकाच्या भेगांत साठते. ते पाणी कोणाचा बांध ओळखत नाही. मालकाची विहीर ज्या पावसाने भरते, तो गावाच्या गायरानावर पडतो, आपल्या वस्तीवरही पडतो. मालकाने खोदाईचा खर्च केला, बांधकाम केले. त्याचे मोल त्याला मिळावे. पण पाणी काही त्याने घडविले नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने पिण्याचे पाणी हा मानवी हक्क मानला. चवदार तळ्यावरील घटनेला तेव्हा ८३ वर्षे झाली होती.

मालकाची अडचणही आपण ऐकून घ्यावी. विहीर आटत आली, गुरे आणि पीक जगवायचे आहे, म्हणून त्याने सर्वांनाच मोजून पाणी दिले, तर तो अन्याय नव्हे. परंतु इतरांना द्यावयाचे आणि आपली घागर दिसताच हात आखडावयाचा, ही टंचाई नव्हे. ती अस्पृश्यताच होय, आणि ती कलम १७ ने नष्ट केलेली आहे.

आपल्या धम्माला हा प्रश्न नवा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलियांत झालेला तंटा हेच सांगितले आहे. शाक्य संघ युद्धाच्या बाजूने होता. सिद्धार्थाने मार्ग सुचविला की दोन माणसे आपली, दोन त्यांची आणि चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी तंटा मिटवावा. संघाने ऐकले नाही; सिद्धार्थाने घर सोडले. पाणी तलवारीने नव्हे, न्यायाने वाटावे, ही शिकवण तेथूनच आहे. आणि पुढे भिक्खू आनंदाने प्रकृती या चांडाळ कन्येकडे पाणी मागितले, तेव्हा तिने आपली जात सांगितली. आनंदाला जात नको होती, पाणी हवे होते.

आता प्रश्न आपल्याकडे वळवा. बौद्ध वस्तीतल्या हातपंपावर मातंग किंवा पारधी भगिनी आली तर आपण तिला काय म्हणतो? नळाला टिल्लू पंप लावून आपण शेवटच्या घराचे पाणी ओढून घेत नाही ना? न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील नळालाही लागू आहे. जो स्वतः कठड्यावरून परत आला, त्याने दुसऱ्याला परत पाठविले, तर त्याने धर्म बदलला पण मन बदलले नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. सरकारी पैशाने झालेली प्रत्येक विहीर व टाकी सर्वांची आहे, याची ग्रामसभेत नोंद करून घ्या. वस्तीसाठी वेगळी टाकी देऊ केली, तर ती सोय म्हणून घ्या, पण गावच्या पाणवठ्यावरचा हक्क तिच्या मोबदल्यात सोडू नका. आणि आपल्या दारचे पाणी जात न विचारता द्या.

कळंबेश्वरच्या त्या मजुराने आपले पाणी साऱ्या वस्तीला दिले. नाकारणाऱ्याला याहून चोख उत्तर नाही. मात्र त्याने खोदले म्हणून गावाचे कर्तव्य संपले नाही. ज्या विहिरीवरून त्याची पत्नी परत आली, ती विहीर खुली होईल तेव्हाच महाडचे काम आपल्या जिल्ह्यात पुरे होईल.

भवतु सब्ब मंगलं.