पुनर्वसन कोणाच्या मापानें?

मनोरुग्णालयांतून परतलेल्या मनुष्याचे हात कांहीं उद्योगांत गुंतले, म्हणजे त्याचें पुनर्वसन झालें, अशी समजूत आपल्याकडे अद्याप बळकट आहे. मेणबत्त्या, कागदी पाकिटें, द्रोण यांपलीकडे त्या उद्योगाची मजल बहुधा जात नाहीं. हे उद्योग हलके आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण पंधरा वर्षें हिशेब लिहिलेला कारकून, शेतकरी आणि अर्ध्यावर महाविद्यालय सुटलेली मुलगी यांना एकाच पंक्तीस बसवून पाकिटें चिकटवावयास लावणें यांत दया असेल, विचार नाहीं.

स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ व्याधींत भास व संशय औषधानें पुष्कळदां शमतात. पण एकाग्रता, स्मरण आणि चार माणसांत वावरण्याचा धीर यांची झीज तितकी भरून येत नाहीं. ही झीजही प्रत्येकाची निराळी. एकाला औषधाच्या गुंगीमुळें सकाळीं उठवत नाहीं, दुसऱ्याचा दोन सूचना एकदम मिळाल्या कीं गोंधळ उडतो. तेव्हां मदत माणसागणिक बेतावी, हें आतां वादाचें राहिलेलें नाहीं. वाद आहे तो, कोणाच्या इच्छेनें बेतावी, हा.

इच्छेप्रमाणें वागूं दिलें तर मनुष्य अपयशानें पुन्हां खचेल, ही भीति खोटी नव्हे. परंतु अमेरिकेंत रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत, आधीं शिकवण व मग नोकरी, हा क्रमच उलटा केला: ज्यास नोकरी हवी त्यास त्याच्या आवडीची, चारचौघांसारखी नोकरी लवकर मिळवून द्यावयाची आणि मुदत न घालतां पाठीशीं उभें रहावयाचें. जुन्या रीतीपेक्षां या रीतीनें अधिक माणसें कामाला लागतात, असें अनेक देशांतील चाचण्यांत दिसून आलें. मात्र एका साहाय्यकाकडे विसांहून अधिक माणसें नसावींत, ही तिची अट आहे. आमच्याकडे घोडें तेथेंच अडतें.

आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, केवळ घरचे नेत नाहींत म्हणून कोणास रुग्णालयांत ठेवूं नये, असें सांगितलें. पण घर नेतें तेव्हांही सर्व सुटतें असें नाहीं. मुलगी पुन्हां पोळ्या लाटूं लागली कीं घर म्हणतें, बरी झाली! तिची सुटलेली परीक्षा कोणाच्या ध्यानींही नसते.

आणि एखादा म्हणाला, 'मला नोकरी नको, संध्याकाळीं वाचनालयांत बसूं द्या,' तर? ही त्याची निवड, कीं व्याधीनेंच आणलेली उदासीनता? बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. एका भेटींत याचा निकाल लावणारा तज्ज्ञ आम्हांस धाडसी वाटतो. दोन महिन्यांनीं पुन्हां विचारावें, वर्षानें पुन्हां विचारावें. उत्तर बदलेल, न बदलेल. तोंवर वाचनालयांतली त्याची खुर्ची मात्र कोणी काढून घेऊं नये.