संख्या वस्तूत की बुद्धीत?

इंग्रजी व्याकरणात ज्या नामाचे अनेकवचन होते आणि ज्याला संख्या थेट लागते ते गणनीय, आणि ज्याला संख्या लावताना दाणा, पेला, पोते असे माप मध्ये घ्यावे लागते ते अगणनीय मानतात. शाळेत मात्र हाच भेद ‘मोजता येणाऱ्या’ आणि ‘मोजता न येणाऱ्या’ वस्तूंचा म्हणून शिकवला जातो, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात या व्याख्येची उणीव सहज ध्यानात येते. कारण इंग्रजीत अगणनीय ठरलेला ‘राइस’ तुमसर-साकोलीकडे घरोघरी सुपात घेऊन, खडा नि कणी वेगळी काढत, दाण्यादाण्याने निवडला जातो. मराठीत तांदूळ ‘निवडले’ जातात, तेच शिजल्यावर भात ‘वाढला’ जातो, आणि कुंकू लावून मांडवात आले की त्यांच्या अक्षता होऊन त्या ‘टाकल्या’ जातात. धान्य तेच राहते, वचन मात्र व्यवहाराप्रमाणे फिरते.

तेव्हा संख्या वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या बुद्धीत, हा मूळ प्रश्न उरतो. वैशेषिक दर्शन संख्येला गुण, म्हणजे द्रव्याच्या आश्रयाने राहणारा धर्म मानते. पण एकत्व द्रव्यात असतेच, तर द्वित्वापासूनच्या संख्या अपेक्षाबुद्धीने, म्हणजे ‘हा एक, हा एक’ अशी अनेक एकत्वे एकत्र धरणाऱ्या ज्ञानाने उत्पन्न होतात आणि ती बुद्धी मावळली की नष्ट होतात, असे या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद सांगतात. न्यायमताने घट हा अवयवी, म्हणजे आपल्या अवयवांहून वेगळे असे एक द्रव्य आहे. सेना आणि वन तसे नव्हेत, कारण तेथे अनेकांतील वेगळेपण दुरून न दिसल्याने एकपणाची प्रतीती होते. बौद्ध तार्किक तर घटाचेही वेगळे एकत्व नाकारतात.

खळ्यावरची धानाची रास सेनेच्याच जातीची आहे: इंग्रजी तिला दुरून पाहते, मराठी सुपाजवळून. पाण्याला हा न्याय पुरत नाही, कारण त्यात दाण्यासारखी सीमाच नाही. तरीही संस्कृतात पाण्याचा वाचक ‘अप्’ शब्द नेहमी बहुवचनातच चालतो. म्हणून वैशेषिकांचा निर्णय अधिक ग्राह्य वाटतो: दाण्याचे एकत्व खरे, पण ते मोजावे की नाही हे बुद्धी ठरवते, आणि त्या बुद्धीला वळण भाषा देते. शिक्षकांनी यापुढे ‘मोजता न येणारे’ असे न सांगता ‘इंग्रजी जे मोजत नाही ते’ असे सांगावे.